ठेवून घेणारी घरं

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या पाथरीच्या सगळ्यात जुन्या गोष्टीतलं लेकरू गावाकडं परत आलंच नाही. भैरव नावाच्या कुलकर्ण्याचं घर होतं. काही आपत्ती आली म्हणून घराणं विजयनगरच्या मुलखात गेलं. तिथं त्यांचा तिम्मा नावाचा पोरगा बहमनी फौजेच्या हाती लागला आणि दरबारात वाढला. त्याचा मलिक हसन झाला, पुढं तो बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याच्या मुलानं, मलिक अहमदनं, १४९० मध्ये अहमदनगरची निजामशाही उभी केली. फरिश्ता या इतिहासकारानं हे लिहून ठेवलंय. नातू बुऱ्हाण निजामशहानं वऱ्हाडच्या इमादशहाकडं पाथरी मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. तो ऐकेना, तेव्हा १५१८ मध्ये लढून घेतली. पुढं ती हातची गेली आणि १५२७ मध्ये पुन्हा घेतली. आजोबाच्या गावासाठी दोन लढाया.

आमचे थोरले काका ही गोष्ट लढायांसकट सांगायचे. सनावळी त्यांना तोंडपाठ होती. मोठीमाय, म्हणजे माझ्या वडिलांची आई, शेंगा फोडत ऐकायची आणि शेवटी एकच विचारायची, "त्या पोराच्या मायनं काय केलं असंल रे?" काकांकडं त्याचं उत्तर नव्हतं. फरिश्त्याकडंही नाही.

दुसरी गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. शिर्डीच्या साईबाबांनी भक्त म्हाळसापतींना आपण पाथरीच्या ब्राह्मणाचं पोर, लहानपणीच एका फकिराच्या हवाली केलेलं, असं सांगितल्याची नोंद चरित्रकारांनी केली आहे. त्याचा शोध घ्यायला अभ्यासक वि. बा. खेर पाथरीत आले, चौकश्या केल्या आणि भुसारी घराण्यापाशी येऊन थांबले. आज त्यांच्या घराच्या जागेवर मंदिर आहे. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांनी जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाला १०० कोटी देऊ म्हटलं आणि त्याच्या निषेधात १९ तारखेला शिर्डी बंद राहिली. वाद जन्म कुठं झाला याचा. मला त्या वादात पडायचं नाही. पण मोठीमाय असती तर तिनं वेगळंच विचारलं असतं: दिलं कामून? आणि फकिरानं ठेवून कसं घेतलं?

मुलांच्या, घरांच्या अडचणीत मदत करणाऱ्या सेवांवर लिहायला बसले आणि सारखं हेच आठवत राहिलं. समुपदेशन हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. लेकरू ठेवून घेणं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. मेलेल्या बहिणीची पोरं, सावत्रपणानं जाच होणारी भाची, शाळेसाठी खेड्यातून आलेला पुतण्या. गोदाकाठच्या कुठल्याही जुन्या वाड्यात एखादं तरी लेकरू असं असायचं, जे त्या घरात जन्मलेलं नसायचं.

मोठीमायनं ठेवून घेतलेल्यांपैकी एकाची गोष्ट ती स्वतः कधी सांगायची नाही, आत्या सांगायची. साल १९४८. आधी निजामाच्या राज्यातल्या रझाकारांच्या भीतीनं आमच्याकडची बरीच माणसं पोराबाळांसकट बैलगाड्या जुंपून सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात गेली होती. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, १७ तारखेला निजाम शरण आला आणि माणसं परतली. पण त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात कितीतरी मुसलमान घरांवर संकट कोसळलं. ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता, त्यांच्यावरही. आमच्याकडं सतरा सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात. हा भाग भाषणात येत नाही. आत्या मात्र दार लोटून घेऊन सांगायची. गल्लीतल्या अत्ताराचं सात-आठ वर्षांचं पोर बोलायचंच बंद झालं होतं. त्यानं काय पाहिलं होतं ते कुणी विचारलं नाही. त्याची आई त्याला आमच्या दारात घेऊन आली आणि मोठीमाय म्हणाली, "राहू दे हितं."

तिनं त्याला काहीही विचारलं नाही. पहाटे जात्यावर बसली की समोर बसवायची आणि मूठमूठ जोंधळे टाकायचं काम त्याच्याकडं. ती ओव्या म्हणायची, पोर मूठ टाकायचं. हात थांबला की ओवीही थांबायची. दिवाळी गेली, संक्रात गेली. आत्याच्या म्हणण्याप्रमाणं शिमग्याच्या आसपास एक दिवस मोठीमाय ओवीत एक शब्द चुकली आणि पोरानं तो नीट करून सांगितला. ती मुद्दाम चुकली की खरंच, यावर आत्या आणि काका यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

आता मी बालमानसोपचाराविषयी चार पुस्तकं वाचली आहेत. घाबरलेल्या मुलाला प्रश्न विचारू नयेत, रोजचं एकच ठरलेलं काम द्यावं, हाताला काही असावं, मोठं माणूस शेजारी असावं आणि त्याला घाई नसावी, असं त्यांत लिहिलंय. वाचताना जातंच डोळ्यांपुढं येतं.

पण मोठीमायला देव्हाऱ्यात बसवायला मी तयार नाही. कारण दुसरी गोष्ट आहे, आणि तीही आत्याचीच. मोठीमायच्या चुलतभावाची मुलगी आमच्याच तालुक्यात दिली होती. नवरा मारायचा. ती पळून यायची ती माहेरी नाही, मोठीमायकडं, कारण मोठीमाय ऐकून घ्यायची. रात्रभर ऐकायची, तेल लावायची, सकाळी भाकरी बांधून द्यायची आणि गड्यासोबत परत पाठवायची. "नांदावं लागतंय माय." दर वेळी हेच. शेवटी विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणाले. आमच्या भागात त्या काळी बायकांचे पाय फार घसरायचे.

परक्याचं पोर जिनं ठेवून घेतलं, तिनं रक्ताच्या नात्यातल्या मुलीला उपदेश दिला, जागा दिली नाही. मुलगी परत आली म्हणजे भावकी बोलणार, मागच्या बहिणींची लग्नं अडणार. अत्ताराच्या पोराला ठेवून घेताना असं काही आड येत नव्हतं. जुन्या काळी गावच आधार द्यायचं, असं आता कुणी कौतुकानं बोलू लागलं की मी गप्प बसते, पण मान डोलवत नाही. गाव आधार द्यायचं, हे खरं. कुणाला, हे मात्र गाव ठरवायचं.

पुढच्या काळात या मुलीला कदाचित जागा मिळाली असती. मुंबईत पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेनं बायका-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला तो १९८४ मध्ये. आमच्याकडून गोदावरी ओलांडून गेलं की अंबाजोगाई. तिथं द्वारकादास लोहियांनी १९८२ मध्ये मानवलोक ही संस्था सुरू केली आणि शैला लोहियांच्या मनस्विनीत मारहाणीतून आलेली बाई बसून बोलू शकत होती, तिच्या वतीनं सासरी निरोप जात होता. पण आमची ही मुलगी त्याच्या कितीतरी आधी गेली.

डोकं बिघडलेल्या माणसाची जागा त्याहून लांब. हैदराबाद संस्थानचं वेड्यांचं इस्पितळ कितीतरी वर्षं जालन्यात होतं. १९५३ मध्ये ते हैदराबादला एर्रागड्ड्याला हललं. काकांच्या लहानपणी घरात कुणी फार आदळआपट केली की "जालन्याला धाडा" म्हणायचे आणि तो विषय तिथंच संपायचा.

मला स्वतःला आठवतो तो १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायच्या कामावर आयाबाया, कडेला झोळीत लेकरं, वाटीत सुकडी, घरी मिलोची लालभडक भाकरी. आणि त्याच दुष्काळात मानवत. पाथरीपासून मानवत अगदी जवळ. १९७२ च्या नोव्हेंबरापासून १९७४ च्या सुरुवातीपर्यंत तिथं लहान मुली आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधनासाठी आणि मूल व्हावं म्हणून पिंपळावरच्या मुंज्याला दिलेले बळी, असं मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या तपासात पुढं आलं. त्या वर्षभरात आम्हा पोरींना परसाकडं जायलाही सोबत लागायची. पिंपळाखालून जायचं नाही. अनोळखी बाईनं गूळ दिला तर घ्यायचा नाही. शाळेतली हजेरी आटली. रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या पोरींची चर्चा आया दबक्या आवाजात करायच्या आणि त्यावर उपाय म्हणून गळ्यात ताईत यायचा.

खून उकलले, आरोपींवर खटला चालला, पेपरात रकानेच्या रकाने आले. आमच्या भीतीचं काय झालं, हे मात्र कुणी पाहिलं नाही. एक हेडगुरुजी तेवढे होते. शाळा सुटली की पोरींना ओळीनं उभं करायचे आणि पुढं कंदील, मागं स्वतः, असे गल्लीगल्लीतून एकेकीला दारात सोडत जायचे. दिवसाउजेडीसुद्धा कंदील घ्यायचे. आम्ही हसायचो. हसायचो म्हणूनच भीती थोडी कमी व्हायची, आणि गुरुजींना ते कळत असणार. अंधश्रद्धेतून होणाऱ्या नरबळीविरुद्ध राज्यात कायदा झाला २०१३ मध्ये, चाळीस वर्षांनी.

दुष्काळानंतर दोन गोष्टी आल्या, एक लहान आणि एक मोठी. लहान म्हणजे अंगणवाडी. एकात्मिक बालविकास योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि हळूहळू आमच्या तालुक्यात पोचली. मोठी म्हणजे पाणी. जायकवाडीचं लोकार्पण १९७६ मध्ये झालं, डावा कालवा परभणीकडं आला, कापूस-ज्वारीच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला. पुढं गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, तारुगव्हाणचे बंधारे झाले. पाणी आलं म्हणून माणसं थांबली असं मात्र झालं नाही. ज्याच्याकडं रान नाही, किंवा असून कालव्यापासून लांब आहे, तो दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघतो. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. पाथरीतला ऊस तोडायला दुसरीकडची टोळी येते आणि पाथरीची टोळी दुसरीकडं जाते. याचं गणित मुकादमाला विचारा, मला जमलेलं नाही.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. एकट्या पोराला अर्धा कोयता, म्हणजे अर्धीच उचल. घरात अठरा-एकोणीसचा पोरगा असेल, तर त्याचं लग्न लावलं की कोयता पुरा होतो. आणि घरात चौदा-पंधराची पोरगी असेल, तर आई-बाप सहा महिने फडावर असताना तिला ठेवायचं कुणापाशी? म्हातारीच्या भरवशावर? सोबत न्यावं तर पालाला दार नसतं. तिचं लग्न लावलं की प्रश्न सुटला, निदान आई-बापाचा. दोन घरांच्या दोन अडचणी एकमेकींत अशा चपखल बसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४८ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याची सरासरी २२ टक्क्यांच्या आसपास. हे सगळं कोयत्यामुळंच, असं मी म्हणणार नाही. हुंडा आहे, आठवीनंतर लांब पडणारी शाळा आहे, पोरगी पळून जाईल ही धास्ती आहे. पण दसऱ्याआधीच्या त्या महिन्यात कोयत्याचा हिशेब घराघरात मांडला जातो, हे तालुक्यातल्या कुठल्याही अंगणवाडीताईला विचारा.

सरकारनं काही केलंच नाही, असंही नाही. बालविवाहाविरुद्धचा कायदा २००६ चा आहे. गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. (बऱ्याचदा त्याच लग्नाची पहिली पत्रिका त्यालाच गेलेली असते.) १०९८ हा मुलांसाठीचा नंबर १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाला, तो आता सरकार चालवतं. फोन फुकट, दिवसरात्र. परभणीला बालकल्याण समिती आहे. एकल पालकाच्या, अनाथ मुलांसाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची बालसंगोपन योजना आहे, २०२३ पासून महिन्याला मुलामागं २,२५० रुपये. शेतकरी आत्महत्या फार होऊ लागल्या तेव्हा आरोग्य खात्यानं २०१५ च्या सुमारास चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात परभणी होता. आशाताई घरोघर जाऊन झोप लागते का, जेवण जातं का, असं विचारून कागदावर खुणा करायच्या. २०२२ पासून मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. कागदावर मांडलं तर मोठीमायच्या काळाच्या मानानं वैभवच म्हणायचं.

मग अडतं कुठं? माझ्या नात्यातली एक बाई उभी हयात अंगणवाडीत गेलेली, आता निवृत्त. तिच्या गावात एक लग्न थांबलं. कुणीतरी १०९८ लावला, पोलीस आले, मांडव उतरला. मुलीला परभणीला समितीपुढं नेलं, आई-बापाकडून अठरा होईपर्यंत लग्न लावणार नाही असं लिहून घेतलं, चांगलं तासभर समजावून सांगितलं. आई-बाप परत आले आणि अंगणवाडीताईच्या ओसरीवर बसले. बाप म्हणाला, "सायबांचं सगळं पटलं. आता परवा गाडी येणार, पोरीला कुठं ठेवू तेवढं सांगा."

सायबांनी तेवढंच सांगितलं नव्हतं. ताईनं पोरीला आपल्याकडं ठेवून घेतलं. पहिल्या वर्षी एकटीला. पुढच्या हंगामात गावातल्या आणखी दोघी आल्या. लोक नावं ठेवत होते, कारण ताईला वाढता मुलगा होता. तिनं मुलाला मामाकडं पाठवलं आणि पोरींना ठेवलं. पोरी सकाळी शाळेत जायच्या, संध्याकाळी ज्याच्या मोबाईलला रेंज असेल त्याच्यावरून फडावर आईला फोन लावायच्या. त्या फोनवर रोज काय चालायचं ते ताईनं मला सांगितलं, मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगते की आया रडायच्या आणि पोरी त्यांना समजावायच्या. समुपदेशन कुणाचं कुणाला चाललंय हे ठरवणं अवघड होतं.

हे काम एका बाईच्या चांगुलपणावर चालू नये यासाठीच हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आई-बाप ऊसतोडीला गेले की मागं राहिलेल्या लेकरांच्या जेवणाची सोय गावात शाळेमार्फत करायची. योजना चांगली आहे. पण गाड्या दसरा-दिवाळीला हलतात आणि मंजुरी कितीतरी गावांत त्यानंतर येते. तोवर लेकरं फडावर पोचलेली असतात. बालविवाहाविरुद्धचे फलक, दवंड्या, बैठका यांचा जोर असतो अक्षय्य तृतीयेच्या आधी, कारण ती मुहूर्ताची तिथी. आमच्याकडं ठरवाठरव भाद्रपदातच होऊन गेलेली असते. कचेरीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, उचलीचं वर्ष पोळ्यानंतर. दोन्ही वर्षांची गाठ पडत नाही. बालसंगोपनाच्या अर्जाला मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पुस्तक लागतं. नवरा गेलेल्या बाईनं हे गोळा करेपर्यंत गाडी दारात उभी राहते. मग ती लेकरांसकट चढते.

समुपदेशकांना नावं ठेवायचा माझा इरादा नाही. एका तालुक्याचा भार एकेकावर असतो, आणि त्यांच्यात मनापासून करणारी माणसं मी पाहिली आहेत. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी जागा, मग सल्ला. अत्ताराच्या पोराला आधी जागा मिळाली. बोलणं शिमग्याला सुरू झालं. विहिरीतल्या मुलीला सल्ला भरपूर मिळाला होता. फडावर निघालेल्या आईला "पोरीचं वय लहान आहे" हे सांगायला माणूस लागत नाही, तिला ते माहीत आहे. तिला खोली दाखवा, खोलीत राहणारी बाई दाखवा, दाराला कडी आहे ते दाखवा, आणि हे घटस्थापनेच्या आधी दाखवा. मग बाकीचं बोलता येतं.

गावोगाव ग्राम बालसंरक्षण समिती असायला हवी, असा नियम आहे. सरपंच तिचा अध्यक्ष असतो. अंगणवाडीताई, शिक्षक आणि मुलांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. बऱ्याच गावांत ती रजिस्टरात सापडते. पाथरी, सोनपेठ, मानवत, कुठंही राहत असाल, यंदा पोळा झाला की आपल्या सरपंचांना दोनच गोष्टी विचारा: या समितीची बैठक कोणत्या तारखेला आहे, आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का. नसेल गेला, तर तो जाईपर्यंत विचारत राहा. आणि तुमच्या घरात एखादी खोली रिकामी असेल, तर तेही त्या बैठकीत सांगा.